अडगावचं रण, अठरा बाय बारा

१७ ऑगस्ट १९७६

आज अखेर हॉलची किल्ली हातात आली. अण्णाजींनी स्वतः दिली. ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शाळा त्यांची, जिनिंग त्यांचं, आणि गावात जीप एकच, तीही त्यांचीच. डिसेंबरात मुंबईचे बडे पाहुणे शाळा बघायला येणार आहेत. त्यांना दाखवायला काहीतरी नवाईचं पाहिजे. इतिहास आणि चित्रकला दोन्ही मीच शिकवतो, म्हणून हॉलमध्ये एखाद्या लढाईचं मातीचं मॉडेल करायचं काम माझ्याकडे.

त्यांच्या डोक्यात पानिपत होतं. मी अडगाव म्हटलं. सन १८०३, नोव्हेंबर महिना, नागपूरकर भोसल्यांची फौज आणि समोर इंग्रज. आपल्या वऱ्हाडातलंच रान, एसटीनं जाऊन बघता येईल असं.

"आपन जिकलो होतो का?" अण्णाजींनी विचारलं.

"नाही जी."

"मंग हारलेली लढाई कायले दाखवता पाहुण्याइले?"

मी सांगितलं, सुरुवातीला भोसल्यांच्या तोफा अशा चालल्या की इंग्रजांच्या पलटणी मोडून मागे पळत सुटल्या. त्यांचा सेनापती स्वतः आडवा गेला, तेव्हा कुठं थांबल्या. तेवढा वेळ आपली बाजू वर होती. मला तोच वेळ मांडायचा आहे. अण्णाजी हसले. "बरं, तेवढंच दाखवा. पुढचं कोन इचारते!"

अठरा फूट लांब, बारा फूट रुंद. इतकी वर्षं पोरांकडून फळ्यावरचे नकाशे उतरवून घेतले, आता माती हातात घ्यायची. जेवताना सगळं मनकर्णेला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमटीत मीठ नाई पडलं आज. तुमाले समजलं बी नाई."

२७ ऑगस्ट

पोळा परवा झाला. पोळ्याला गावात घरोघरी लहानू कुंभाराचे मातीचे बैल पुजतात. आमच्या घरचा बैल हातात घेऊन पाहत होतो. मान किंचित वळवलेली, जणू मागून कुणी हाक मारली. हाच माणूस हवा, असं वाटलं.

संध्याकाळी कुंभारवाड्यात गेलो. लहानू तिशीचा, बारीक, बोलताना खाली पाहणारा. बोटभर उंचीचे शिपाई, घोडे, तोफा ओढणारे बैल, असं सगळं समजावलं. तो म्हणाला, "किती लागन गुरुजी?" मी म्हटलं, हॉल भरेपर्यंत. तो आणि त्याची बायको कोकिळा दोघं एकमेकांकडे पाहून हसले. सहा वर्षं झाली लग्नाला, लेकरू नाही. लहानूची म्हातारी माय ओसरीवरून ऐकवत होती, "शिपाई कर बाप्पा ढीगभर. घरातलं एक नाई होऊन राह्यलं." कोकिळेनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं माहेर समुद्रपूरचं. दर दोन-तीन महिन्यांनी ती गिरडच्या दर्ग्याला जाऊन येते म्हणे, नवसासाठी.

५ सप्टेंबर

अडगावला जाऊन आलो. अमरावती, अकोट असं करत पोचेपर्यंत दुपार झाली. काळं रान, कापूस आणि ज्वारी. डोक्याच्या वर गेलेली ज्वारी. लढाई झाली त्याची खूण मला तरी काही दिसली नाही. बांधावर उभं राहून उत्तरेकडे गाव, दक्षिणेकडून इंग्रजांची फौज, असं मनात मांडून पाहिलं. निंदणाऱ्या बायांनी विचारलं, "तलाठी हा का जी?" पिशवीभर माती आणली. आपल्या मातीसारखीच आहे.

१४ सप्टेंबर

आज हेडमास्तरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. वरून हुकूम आहे, प्रत्येक शिक्षकानं नसबंदीच्या दोन-दोन केसेस आणायच्या. नाही आणल्या तर पगार थांबेल. फक्त प्रेमदास उठले. गणित शिकवतात, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाले, "मी पोट्ट्याइले शिकवाले आलो. मानसं धराले नाई आलो."

हेडमास्तर म्हणाले, "बाहेरची हवा माहीत आहे ना?"

"हाव, माहीत हाये. म्हूनच इथं बोलून राह्यलो. बाहेर बोलता येत नाई."

मला यातून सूट आहे. हेडमास्तर मीटिंगनंतर म्हणाले, तुमचं मॉडेल हेच सरकारी काम समजा. खरं लिहायचं तर मला फार हायसं वाटलं. प्रेमदासांबद्दल आदर आहे, पण सगळ्याच गोष्टी उभं राहून बोलायच्या नसतात.

रणाचा पाया झाला. बाकं जोडून वर फळ्या, फळ्यांवर तट्ट्या, त्यावर माती.

२९ सप्टेंबर

गावाची तऱ्हा बदलली आहे. जीपचा आवाज आला की बाप्ये वावरात पळतात. बरेचजण रात्रीही ज्वारीतच निजतात. वर्गात पोरं डुलक्या घेतात. विचारलं तर म्हणतात, बाबासंगं वावरात होतो.

लहानू आज म्हणाला, "गुरुजी, मी चार-आठ दिवस समुद्रपूरले सासरी जाऊन येतो."

मी म्हटलं, "अरे, आता? शिपाई अर्धेही झाले नाहीत. अन् तू शाळेच्या कामावर आहेस. तुला कोण हात लावतो? मी आहे ना."

तो म्हणाला, "तुमी हा म्हून तं." आणि साच्यात माती दाबायला बसला. बरं झालं. हा गेला असता तर सगळंच अडलं असतं.

ज्वारीच्या ताटातला गर सुकवून तोफांचे गाडे केले. सुरेख झाले.

९ ऑक्टोबर

सूट गेली. हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. तालुक्याचा आकडा भरत नाही, आता सगळ्यांनाच आणाव्या लागतील. मी म्हटलं, मी कुठून आणू? मला कुणी ओळखीचं नाही तसं. ते म्हणाले, "किंवा मग स्वतः. तुम्हाला दोन मुलं आहेत, मोठी झाली. सोपं आहे." माझ्या वयात हे काय भलतंच. मी म्हटलं, मॉडेल अर्धवट राहील.

"तो कुंभार आहे ना तुमच्या हाताखाली. वय काय त्याचं?"

"तिशी."

"लेकरं?"

"अजून नाहीत."

"बरं," म्हणाले. "तुम्ही काळजी करू नका. बघू काहीतरी."

बाहेर आल्यावर वाटलं, यांच्या मनात लहानूला शाळेतल्या शिपायाच्या जागेवर घ्यायचं असावं. जागा रिकामी आहेच. लहानूला तसं सुचवलं. त्याचा चेहरा असा उजळला, की मलाच बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर

अण्णाजींचा माणूस सकाळी आला. जीप आर्वीला जात आहे, कुंभाराला पाठवा, रंग त्यालाच पसंत करू द्या, असा निरोप. मला अण्णाजींचं कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस, पण कारागिराचा विचार करतो. लहानूला पुढच्या सीटवर बसवायला सांगितलं होतं म्हणे.

लहानू जीपपाशी जाऊन थबकला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बस रे. मी सांगतो ना." कोकिळा फाटकाशी डबा घेऊन उभी होती. जीप गेली तरी तशीच उभी. मग तिनं डबा मला दिला, "तुमीच खाऊन घ्या गुरुजी." झुणका छान होता.

मनकर्णेला दुपारी सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "एकट्याले काऊन पाठवला?" बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

१४ ऑक्टोबर

लहानू आज परतला. दोन दिवस! आणि रंग नाहीत. जीपनं त्याला वेशीवर सोडलं. हातात नवं घोंगडं आणि डालड्याचा डबा. अण्णाजींनी दिवाळीची भेट दिली असणार. मी जरा चिडूनच विचारलं, रंग कुठं? तो म्हणाला, "दुकान बंद होतं." दोन दिवस दुकान बंद? त्याला बसायला सांगितलं तर बसेना. भिंतीला धरून उभा. अंगात ताप होता. चार दिवस सुट्टी मागितली. दिली. काय करणार?

१८ ऑक्टोबर

लहानूच्या ऐवजी कोकिळा कामावर येते आहे. माती तीच तुडवते, पाण्याच्या घागरीही तीच आणते. लहानूच्या पाठीत उसण भरली म्हणे. सासूलाही तिनं त्याच्या खोलीत जाऊ दिलेलं नाही, असं मनकर्णा सांगत होती. म्हातारी गावभर कांगावा करते आहे.

मी तिला बरं वाटावं म्हणून शिपायाच्या नोकरीचं बोललो. ती काम थांबवून पाहत राहिली. "नोकरी?" म्हणाली. मग विचारलं, "गुरुजी, जीपीत तुमीच बसवलं होतं ना त्याइले?"

"हो. मीच."

"बरं."

आणि पुन्हा माती तुडवू लागली. अबोल बाई आहे. पण हात लहानूइतकाच चांगला.

२३ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन झालं. दोन्ही पोरं नागपूरहून आली होती. त्यांना हॉल उघडून दाखवलं. धाकटा म्हणाला, "बाबा, एवढे लोक अन् एकाचंही तोंड दिसत नाही." बोटभर शिपायाला तोंड कसं दाखवणार?

९ नोव्हेंबर

शाळा उघडली. पहिल्याच मीटिंगमध्ये हेडमास्तरांनी केसेसची नावं वाचली. प्रेमदास, शून्य. पगार थांबला आहे, आता निलंबनाची भाषा. मग माझं नाव आलं. "रूपराव सर, एक पूर्ण. मॉडेलचं एवढं मोठं काम सांभाळून." टाळ्या वाजल्या.

मी म्हटलं, काहीतरी चूक आहे, मी कुणालाच आणलं नाही.

हेडमास्तर हसले. "अहो, तुमचा कुंभार."

टाळ्या चालूच होत्या. मी बसलो. प्रेमदासांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांना वाटलं, मला माहीत होतं.

जीप. दोन दिवस. भिंतीला धरून उभा होता. आणि मी त्याला रंग कुठं म्हणून विचारलं.

१० नोव्हेंबर

अण्णाजींकडे गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. तिथं गेल्यावर एवढंच म्हणालो, "त्याला लेकरू नव्हतं जी."

"कागदावर चार हायेत," अण्णाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच, मायाळू. "रूपराव, तुमचा पगार थांबला असता. का मंग तुमीच गेले असते? मी तुमाले वाचवलं. अन् त्यानं आंगठा देल्ला, जबरी नाई केली कोनी. चहा घ्या."

मी चहा घेतला. का घेतला, कळत नाही.

घरी मनकर्णेला सगळं सांगितलं. तिला बहुधा आधीच ठाऊक होतं. सुपातल्या डाळीतले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "दोन लेकरं हायेत आपल्याले. कमावते झाले. तुमीच काऊन नाई गेलते?"



११ नोव्हेंबर

लहानू कामावर आला आहे. मुलं घरी गेल्यावर मी हॉलचं दार लोटून घेतलं. त्याला म्हटलं, मला परवा कळलं. त्यानं मान वर केली नाही. हातातला घोडा कोरत राहिला.

"शाळेच्या कामाचा आंगठा हाये म्हनले. मी देल्ला. मंग टेबलावर निजवलं. मी सांगतलं त्याइले, साहेब, मले एक बी नाई. थे म्हनले, सबन असंच सांगते."

मी म्हटलं, आपण अर्ज करू. डॉक्टरला दाखवू. पुन्हा जोडता येतं म्हणतात, नागपूरला. मी येतो सोबत.

"कोनाले सांगजा नका गुरुजी." पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मानसं काय म्हनतीन? अन् कोकिळेले तं बिलकुलच नाई. थे आस लावून हाये. तिले समजलं तं मी जित्ता कसा राहू?"

मी शब्द दिला. त्याला म्हटलं, तुला हे काम नको असेल तर राहू दे. तो म्हणाला, "घरी बसून काय करू? माय पाहत राह्यते."

मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं इंग्रजांच्या पळणाऱ्या पलटणी मांडत होतो.

३ डिसेंबर

प्रेमदास निलंबित झाले. त्यांची बायको पंचफुलाबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली आहे. मी कापूस पिंजून तोफांच्या तोंडाला धूर लावत होतो तेव्हा ती वेचलेल्या कापसानं ओटी भरून फाटकावरून जाताना दिसली. मी खिडकीतून मागे सरलो.

रण पूर्ण झालं. छान झालं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच छान झालं आहे.

११ डिसेंबर

पाहुणे येऊन गेले. अण्णाजींनी हार घातले, मुलींनी गाणं म्हटलं. हॉलमध्ये ते थोडाच वेळ थांबले. मी छडी घेऊन सांगू लागलो, इकडून भोसल्यांच्या तोफा, इकडे पलटणी मोडल्या. पाहुणे म्हणाले, "वा. आणि मग?"

मी काही बोलायच्या आत अण्णाजी म्हणाले, "मंग साहेब, जेवन तयार हाये."

लहानू मागे, दाराशी उभा होता. त्याला पुढे बोलवावं असं मनात होतं. बोलावलं नाही. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. फोटो निघाला.

२२ जानेवारी १९७७

निवडणुका जाहीर झाल्या. जीप आता प्रचाराला फिरते. तीच जीप, तोच ड्रायव्हर. तिचा आवाज आला की बाप्ये अजूनही दचकतात, पण पळत नाहीत.

लहानूला नागपूरबद्दल पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "पुन्यांदा टेबलावर नाई जात मी." त्याच्या आवाजावरून मी विषय सोडला.

५ मार्च

परीक्षेला हॉल पाहिजे. शाळेच्या शिपायांनी फावड्यानं रण उकरलं आणि टोपल्यांनी मागच्या नाल्यात टाकलं. हेडमास्तर म्हणाले, सर, फोटो आहेच ना. मी व्हरांड्यात उभा राहून पाहिलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

२३ मार्च

दिल्लीत सरकार पडलं. आणीबाणीही उठली. रेडिओपाशी गर्दी. आमच्या भागात मात्र जुन्याच सरकारचे उमेदवार निवडून आले. अण्णाजींनी पेढे वाटले. शाळेतही आले, प्रत्येकाच्या हातावर एक-एक. प्रेमदासांचं निलंबन त्यांनी आपणहून मागे घेतलं आणि सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. प्रेमदास खांबासारखे उभे होते.

१९ एप्रिल

मनकर्णा कुंभारवाड्यात एका बारशाला गेली होती. तिथं लहानूच्या मायनं सगळ्या बायांसमोर कोकिळेला पाळण्यापाशी येऊ दिलं नाही. "वांझोटीची सावली नोको," म्हणाली. दुसरी बायको करून देईन लहानूला, अशी तिची भाषा आहे. पोरगीही पाहून ठेवली आहे आंजीकडची. लहानू नाही म्हणतो. का नाही म्हणतो ते सांगत नाही. म्हणून माय म्हणते, या बाईनं करणी केली त्याच्यावर.

कोकिळा पाळण्यापासून मागे सरली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला बसली. सगळ्यांना वाढून मग घरी गेली.

मनकर्णा म्हणाली, "एका शब्दाचं काम हाये. तुमच्यापाशी हाये तो शब्द."

मी लहानूला शब्द दिला आहे. पण हे शब्द पाळणं म्हणायचं की लपून बसणं?

५ जून

प्रेमदास घरी आले. सात महिन्यांत पहिल्यांदा. दिल्लीत चौकशी आयोग नेमला आहे, त्याच्याकडे तक्रारी पाठवायच्या आहेत. आजूबाजूच्या गावांतून त्यांनी माणसं गोळा केली आहेत. म्हणाले, "रूपराव सर, साऱ्या अर्जाइत आंगठे हायेत. शिकलेल्या मानसाचा एक बी नाई. जीपीत बसवलं थे तुमी. तुमी लेहून देल्लं तं अण्णाजीले सुटता येनार नाई. लहानूचं नाव पाह्यजे मात्र. नाव नसन तं त्या कागदाले काई अर्थ नाई."

मी म्हटलं, देतो.

किती महिन्यांनी मला पोटभर श्वास आला. बुधवारी सकाळच्या गाडीनं आम्ही वर्ध्याला जायचं ठरलं. मनकर्णेनं प्रेमदासांना जेवायला बसवलं. वाढताना ती माझ्याकडे पाहून हसली, किती दिवसांनी.

पण अर्ज गेला की गावभर होणार. त्याआधी कोकिळेला माझ्याकडून कळलं पाहिजे. लहानूला दिलेला शब्द मोडतो आहे, पण तिच्यावरचा तो डाग तरी जाईल.

७ जून

आज सकाळी कोकिळा एसटीची वाट पाहत होती. शाळेसमोरच गाडी थांबते. हातात पिशवी, डोक्यावरून पदर. लहानू तिला सोडायला आला होता. पानाच्या ठेल्यावरून तिच्यासाठी काही घ्यायला गेला, तेवढ्यात मी जवळ गेलो.

"गिरडला?"

"हाव जी."

मी घाईनं बोलत सुटलो. जीप, टेबल, चार लेकरं लिहिलेला कागद, माझी सूट. आता लेकरू होणार नाही यात तुझा दोष नाही, मी आयोगापुढे तसं लिहून देतो आहे, तुला कुणी वांझ म्हणणार नाही आता. असं काहीबाही. तिनं मला थांबवलं नाही. सगळं ऐकलं. मग ठेल्याकडे एकदा पाहिलं.

"जीपीतून उतरले ना, तवाच समजलं मले. बायकोले काय कागद लागते गुरुजी?"

मी म्हटलं, "मग हे गिरड? नवस?"

"त्याइले वाटते मले मालूम नाई. तेवढ्यावरच थे जगून राह्यले. मी नवसाले जातो म्हनलं का थे येष्टीपर्यंत येते, मले बसवून देते, वाटंत खाले काई घेऊन देते. त्या दिवशी जेवते बी बरोबर. नाई गेली तं म्हनतीन, हिनं आस सोडली. मंग समजन त्याइले, का हिले समजलं म्हून."

"आणि तुला म्हणतात ते? सासू? त्या सगळ्या बाया?"

"म्हनू द्या. मले म्हनते तवरी त्याइले कोनी म्हनत नाई."

लहानू ठेल्यावरून निघाला होता. ती आवाज न चढवता, रस्त्याकडे पाहत बोलली.

"तुमी लेहून देसान, तुमाले हलकं वाटन. त्याइचं काय? साऱ्या गावात नाव होईन. थे हिरीत उडी घेतीन गुरुजी. मी वळखतो माह्या मानसाले. तुमी एकदा नाई इचारता केलं. आता इचारून करा."

लहानू आला. केळी घेतली होती. मला रामराम केला. काय बोलून राह्यले, म्हणाला. कोकिळा म्हणाली, "गुरुजी इचारत होते, गिरडची गाडी कुठं बदलते म्हून." गाडी आली. त्यानं तिची पिशवी वर दिली, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, गाडी सुटेपर्यंत.

८ जून

प्रेमदास सकाळी आले. धुतलेला सदरा, बगलेत कागद. मी तयार नव्हतो. त्यांना म्हटलं, मी येत नाही.

"काऊन?"

मी म्हटलं, माझ्याबद्दल जे वाटेल ते लिहून घ्या, त्यावर सही करतो. लहानूचं नाव मात्र लिहू नका.

"नाव नाई तं गुन्हा कोनता? सांगतलं होतं तुमाले." ते बसले नाहीत. "अण्णाजीनं बोलावलं होतं का काल?"

"नाही."

"मंग भेले?"

खरं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना पटलंही असतं कदाचित. चांगला माणूस आहे. पण मग आणखी एकाला माहीत झालं असतं. कोकिळेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "हो. भेलो."

प्रेमदास मान हलवत राहिले. "मले वाटलंच होतं," म्हणाले. "त्या दिवशी टाळ्या वाजल्या तवाच वाटलं होतं." आणि निघून गेले. गाडी दहाच्या सुमाराला गेली. मी आत होतो, आवाज ऐकला.

मनकर्णा दाराशी उभी होती. तिला सांगता येईल, तिला सांगावं, असं क्षणभर वाटलं. मग तेही नको वाटलं. ती म्हणाली, "काऊन नाई गेले?"

"बरं वाटत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला नाही. आत जाऊन दोघांसाठी केलेला डबा उघडला आणि भाकरी पुन्हा टोपलीत ठेवली.

३ जुलै

पाऊस नाही. पेरण्या अडल्या आहेत.

आज बाजारात प्रेमदास समोरून आले, सोबत पंचफुलाबाई. मी हात जोडले. बाई थांबल्यासारख्या झाल्या. प्रेमदास सायकल ढकलत पुढे निघाले, मग त्याही गेल्या.